स्थळांची वही बंद करू का?

ताई, नमस्कार. मी इंदूरची, राजेंद्रनगरात राहते, वय ६४. गेली २२ वर्षं आपल्या मराठी घरांतल्या मुलामुलींना स्थळं सुचवते. पैसे कधी घेतले नाहीत. आधी वही होती, मग सुनेनं व्हॉट्सअॅपवर ग्रुप करून दिला, एकाचे दोन झाले. आज माझ्या फोनमध्ये चारशेच्या आसपास बायोडेटा आहेत. दोन महिन्यांपूर्वी इथल्याच, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीला अनोळखी माणसाचे फोन येऊ लागले. तिची जन्मवेळ, पगार, आईचं माहेर, सगळं त्याला पाठ. आधी 'पत्रिका जुळते आहे' म्हणाला, मग रात्री-अपरात्री मेसेज सुरू झाले. शोधलं तर तिचा फोटो दुसऱ्याच नावानं लग्नाच्या एका साइटवर! तिची आई माझ्या दारात उभी राहून म्हणाली, 'काकू, तुमच्या भरवशावर दिलं होतं.' तेव्हापासून मला झोप नाही. मुलगा म्हणतो, सगळं डिलीट कर आणि हा उद्योग थांबव. हे म्हणतात, परत वही काढ. मी काय करू?
– एक काकू, इंदूर

काकू, सप्रेम नमस्कार.

आधी त्या मुलीचं बघू. तुमचा प्रश्न दोन दिवस थांबेल, तिचा थांबणार नाही.

तिला सांगा, त्या माणसाला एकदाच, लेखी आणि स्पष्ट कळव: 'मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. यापुढे फोन किंवा मेसेज करू नका.' एवढंच. भांडायचं नाही, खुलासा द्यायचा नाही, 'माझा नंबर कुठून मिळाला' हेही विचारत बसायचं नाही. अशा वेळी मुली घाबरून गप्प बसतात, नाहीतर सरळ ब्लॉक करून मोकळ्या होतात. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, बाईनं नको असल्याचं स्पष्ट केल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला तर तो पाठलागाचा गुन्हा होतो. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर ५ वर्षांपर्यंत. तिचं 'नको' लेखी असलं की पोलिसांपुढे तिची बाजू भक्कम होते. मग नंबर, तारीख आणि वेळ दिसेल अशा बेतानं सगळ्या मेसेजचे आणि कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट काढायचे, ते घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनवर पाठवून ठेवायचे, आणि त्यानंतर ब्लॉक करायचं.

त्या खोट्या प्रोफाइलचंही असंच. रागाच्या भरात आधी साइटवाल्यांना कळवलं आणि त्यांनी ते काढून टाकलं, तर दाखवायला हातात काहीच उरत नाही. म्हणून आधी पानाचा पूर्ण पत्ता दिसेल असा फोटो घ्या, पत्ता वेगळा लिहून ठेवा, मग साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. पोलिसांकडची तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करता येते; तिथे महिलांसाठी वेगळा विभाग आहे. त्या माणसानं कुठल्या निमित्तानं पैसे उकळले असतील तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात, तिथे तास-दोन तासांचाही फरक पडतो. मुलगी पुण्यात आणि आई इंदुरात, मग तक्रार कुठे द्यायची, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात तो नोंदवून घ्यावा लागतो. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. आपण बायोडेटा म्हणजे लग्नाचा कागद समजतो. तो एकदा वेगळ्या नजरेनं वाचून बघा. वरती गणपती, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थान. मग शिक्षण, कंपनीचं नाव, पगार. मग वडिलांचं नाव, त्यांचा हुद्दा, मोबाइल, घरचा पत्ता. आणि शेवटी आपण हमखास लिहितो ती ओळ: मामेकुळ. आईचं माहेरचं आडनाव! बँकेत फोन केला की ओळख पटवायला 'मदर्स मेडन नेम' विचारतात ना, ते तेच. बँकेच्या दृष्टीनं जे गुपित, ते आपण छापून शेकडो घरांत वाटतो.

आणखी एक सांगते. आधारची जी पीडीएफ आपण डाउनलोड करतो, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. हे काही चोरून कळलेलं नाही, आधारवाले स्वतःच तसं लिहून देतात. आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण पॅन नंबर आणि जन्मतारखेनं उघडतं. म्हणजे ती पीडीएफ एखाद्याच्या हाती लागली आणि जोडीला बायोडेटा असला, तर कुलूपही त्याच्याकडे आणि किल्लीही त्याच्याकडेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या भाचीचा बायोडेटा आम्ही आमच्या भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला होता. दुकानाच्या व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवायचा, तिथला मुलगा कॉम्प्युटरवर उतरवून प्रिंट काढून देणार. आठ-दहा दिवसांनी एक अक्षर सुधारायला परत गेले. त्यानं फाइल शोधायला फोल्डर उघडला आणि मी काउंटरवरून वाकून बघितलं. 'बायोडेटा फायनल', 'बायोडेटा न्यू', 'बायोडेटा फायनल दोन', मध्ये कुणाचं आधार, कुणाची मार्कशीट, कुणाच्या घराची रजिस्ट्री. स्क्रीन खाली सरकत होती आणि ती यादी संपत नव्हती. मुलगा बिचारा सरळ होता, आपल्यासमोर हे उघडं पडलं आहे हेसुद्धा त्याच्या ध्यानात नव्हतं. मी तिथेच उभं राहून भाचीच्या तिन्ही फाइल पुसायला लावल्या, कचरापेटीही रिकामी करायला लावली. तेव्हापासून कुठेही प्रिंट काढली की पुसल्याशिवाय मी दुकानातून हलत नाही. तुम्हीही हलू नका, आणि तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला हे सांगा.

म्हणून त्या मुलीनं या आठवड्यात घरचं थोडं काम करून घ्यावं. बँकेत आणि ईमेलमध्ये जिथे जिथे आईचं माहेर किंवा जन्मगाव हे उत्तर दिलेलं असेल, तिथे ते बदलून भलतंच काहीतरी घालावं. उत्तर खरंच असलं पाहिजे असा नियम नाही, तिच्या लक्षात राहिलं म्हणजे झालं. आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आधारच्या सरकारी अॅपमधून लॉक करावेत, लागतील तेव्हा तेवढ्यापुरते उघडता येतात. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. आपलं नसलेलं एखादं निघालं तर तिथेच कळवता येतं. आणि सिबिलचा अहवाल काढून बघावा. वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कुणी तिच्या नावावर कर्ज काढलं असेल तर तिथे उमटतं. व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन लावणं आणि प्रोफाइलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करणं, ही तर पाच मिनिटांची कामं.

आता तुमच्याकडे येते.

चूक तुमची आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या ओळीओळीत तेच आहे. खरं सांगते, थोडी आहे. तुम्ही कुणाचं काही विकलं नाहीत, लपवलं नाहीत, २२ वर्षं पदरचा वेळ खर्चून लोकांची घरं उभी केलीत. पण जे एका घरानं तुमच्या हातात दिलं, ते तुम्ही त्यांना न विचारता दोन-अडीचशे हातांत दिलंत. काय झालं असेल ते मला डोळ्यांपुढे दिसतं. वडिलांनी बायोडेटा तुम्हाला पाठवला. तुम्ही ग्रुपवर टाकला. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी बहिणीचा उज्जैनला असाच ग्रुप, तिनं तिथे टाकला, कारण 'चांगली मुलगी आहे, कुणाचं भलं होईल'. तिथून देवास, तिथून ग्वाल्हेर, बडोदा, नागपूर. मध्येच कुठेतरी एखादा पैसे घेऊन स्थळं दाखवणारा बसलेला असतो, तो असे बायोडेटा गोळा करून आपल्या साइटवर भरतो, म्हणजे दुकान भरलेलं दिसतं. आणि त्याच्याही पुढे हा फोन करणारा. या सगळ्या रांगेत शेवटचे एक-दोघे सोडले तर एकही माणूस वाईट नाही. प्रत्येकानं चांगल्या मनानंच पुढे ढकललं. म्हणूनच ते थांबलं नाही.

तुमचे यजमान वहीची आठवण काढतात ती मला फार पटली. माझी आत्या इंदूरच्याच रामबागेत राहायची. तिच्याकडेही अशी वही होती, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात असते तशी लांबोडकी खातेवही. ती देवघरावरच्या फळीवर असायची आणि तिथून फक्त आत्याच खाली काढायची. मुलीचे आईवडील आले की आधी चहा, पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला, इकडच्या-तिकडच्या चौकश्या. तासभर माणसं निरखून झाली की मग वही उघडायची. तीसुद्धा त्यांच्या हातात नाही. स्वतःच्या मांडीवर ठेवून आत्या वाचून दाखवायची आणि ती मंडळी कागदावर टिपून घ्यायची. फोटो वेगळ्या पाकिटात. पत्रिका जुळली, दोन्हीकडून होकार आला, तरच फोटो निघायचा. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीनं 'परत करणे' लिहिलेलं असायचं, आणि तो परत आला नाही तर आत्या सिटीबसनं जाऊन घेऊन यायची. वहीत प्रत्येक नावासमोर बारीक अक्षरात तारीख आणि 'देवासची मंडळी', 'मोठ्या वाड्यातले', अशी खूण. कुणाची माहिती कुणी नेली हे तिला दहा वर्षांनंतरही सांगता आलं असतं.

प्रायव्हसी हा शब्द आत्यानं आयुष्यात कधी ऐकला नसेल. पण लोकांच्या लेकीबाळींची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठेव ज्याची त्याला विचारून, ज्याला हवी त्याला, हवी तेवढीच द्यायची. वही गेली आणि फोन आला याचं मला दुःख नाही. वहीबरोबर हा विचारण्याचा टप्पाच गेला, त्याचं आहे. तेव्हा माझं उत्तर असं: काम बंद करू नका. इंदुरातली निम्मी मुलं आज पुण्या-बेंगळुरूला आहेत, आईबाप इथे एकटे बसून स्थळं शोधतायत, त्यांना तुमच्यासारखी ओळखीतली, पैसे न मागणारी काकू हवीच आहे. फक्त ग्रुपवर बायोडेटा टाकणं आजपासून बंद करा. कायमचं.

मग करायचं कसं? दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात नाव, आडनाव, फोटो, तारीख काहीच नको. 'मुलगी, जन्म १९९६, उंची ५ फूट ३ इंच, एमएस्सी, पुण्यात खाजगी नोकरी, वार्षिक उत्पन्न अमुक ते अमुक, घर इंदूर.' आणि पत्रिकेचं काय, असं लगेच कुणीतरी म्हणेल. गुणमेलन चंद्राच्या नक्षत्रावरून होतं. राशी, नक्षत्र, चरण सांगितलं की गण आणि नाडी आपोआप आली, आणि गुण मोजता आले. मंगळ आहे की नाही ते एका शब्दात लिहिता येतं. जन्मतारीख-वेळ-गाव हा पूर्ण ऐवज पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या हातात द्यायची गरज पडत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या गुरुजींना विचारून बघा, तेही हेच सांगतील.

संपर्कासाठी नंबर फक्त तुमचा. कुणाला स्थळ आवडलं तर तो तुम्हाला फोन करेल. मग तुम्ही मुलीच्या घरी फोन करायचा: 'अमुक घरचे विचारतायत, पूर्ण माहिती देऊ का?' हो म्हणाले तर दुसरा टप्पा, तोही त्या एकाच घराला, सरळ त्यांच्या नंबरवर. पाठवण्याआधी बायोडेटावर आडवं लिहून टाका, 'फक्त अमुक कुटुंबासाठी, तारीख अमुक'. फोनमध्ये फोटोवर लिहिता येतं, सुनेला विचारा, दोन बोटांचं काम आहे. असा कागद पुढे फिरला तर कुठून फिरला ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं, आणि हे माहीत असलं की माणूस पुढे पाठवताना दहादा विचार करतो. घटस्फोटित मुलामुलींच्या बाबतीत तर आणखी जपा. घटस्फोटाचं कारण, आजारपण, ऑपरेशन, असलं काही मी बायोडेटात लिहिलेलं पाहिलं आहे. ते कागदावर कुठेच नको. ते दोन घरांनी समोरासमोर बसून बोलायचं.

आणि वही काढाच. मात्र आता तिच्यात स्थळं लिहायची नाहीत, तिला आवक-जावक रजिस्टर करा. कुणाचा बायोडेटा कोणत्या तारखेला आला, कुणाला विचारून, कुणाला दिला. एवढंच. यजमानांचं अक्षर चांगलं असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या. मुलाचंही एका अर्थी बरोबर आहे: जे नको ते डिलीट करायलाच हवं. चारशेपैकी किती जणांची लग्नं होऊन गेली असतील? किती जणांना मुलं झाली असतील? आणि त्यांचे 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' बायोडेटा अजून तुमच्या फोनमधून बॅकअपला जातायत. एक दुपार काढा, मुलाला शेजारी बसवा. गॅलरी, व्हॉट्सअॅपचा मीडिया, गूगल फोटोज, तिन्ही ठिकाणी बघावं लागेल. एका जागी पुसलं तरी दुसरीकडे राहतं.

ग्रुप मोडायची गरज नाही, त्याचा रस्ता बदला. आधी आत यायची लिंक रीसेट करा, म्हणजे जुनी जिथे जिथे फिरली असेल तिथे निरुपयोगी होईल. मेसेज फक्त अॅडमिन पाठवू शकेल असं करा. ओळखत नसलेले सगळे नंबर काढा. एकेकाला फोन करून 'तुम्ही कोणाकडचे' विचारायला लाजू नका, आत्या तासभर हेच विचारायची. व्हॉट्सअॅपनं २०२५ मध्ये ग्रुपसाठी वाढीव गोपनीयतेचं एक बटण दिलं आहे. ते लावलं की फोटो इतरांच्या फोनमध्ये आपोआप उतरत नाहीत आणि गप्पा बाहेर काढून नेता येत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र त्यानं थांबत नाही, म्हणून बटणावर विसंबून पुन्हा बायोडेटा टाकायला सुरुवात नको.

ग्रुपवर काय लिहायचं, असा प्रश्न पडेल म्हणून मीच लिहून देते. हवं तर तुमच्या शब्दांत बदला.

'सर्वांना नमस्कार. या ग्रुपवरून आपल्यातल्या एका मुलीची माहिती बाहेर गेली आणि तिला त्रास झाला. याची जबाबदारी मी घेते. आजपासून इथे कुणाचाही बायोडेटा, फोटो किंवा पत्रिका येणार नाही. तुमच्या फोनमध्ये इथून उतरलेले बायोडेटा असतील ते कृपया पुसून टाका. तुम्ही ते आणखी कुठे पाठवले असतील तर मला खाजगीत कळवा, मी रागावणार नाही. ज्यांना आपल्या मुलामुलीचं नाव माझ्याकडे ठेवायचं आहे त्यांनी, मुलामुलीला विचारून, मला या महिनाअखेरपर्यंत फोन करावा. ज्यांचा फोन येणार नाही त्यांची माहिती मी काढून टाकेन.'

त्या मुलीचं नाव लिहू नका, गल्ली किंवा कंपनीही नको. आपल्याकडे एवढ्या खुणेवरून माणसं ओळखतात.

'मी रागावणार नाही' हे वाक्य मात्र गाळू नका. कुठे कुठे पाठवलं हे लोकांनी सांगितलं तरच माग लागेल, आणि लोक भीतीनं गप्प बसले तर ती मुलगी एकटी पडेल.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण 'आपण घरगुती काम करतो, आपल्याला कसला कायदा' असं उद्या कुणीतरी तुम्हाला म्हणेल. सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं निकाल दिला की खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. या प्रवासातला एक मुक्काम आपल्या मध्य प्रदेशातला आहे. इथल्या पोलिसांच्या नियमात संशयितांच्या घरी रात्री जाऊन बघण्याची मुभा होती. त्याविरुद्ध गोविंद नावाचा माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७५ साली कोर्टानं नियम रद्द केले नाहीत, पण घटनेत खाजगीपणाचा हक्क असू शकतो हे मान्य केलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण तो कुणी मोठा माणूस नव्हता. आपल्या घराच्या दाराशी कुणी, कधी यावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्या मुलीचंही दुसरं काय म्हणणं आहे?

पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि त्यातली मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. दंड मोठमोठ्या कंपन्यांना घाम फोडतील असे आहेत, २५० कोटी रुपयांपर्यंत. घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला त्यात सूट आहे, पण चारशे परक्या घरांची माहिती सांभाळताना मी त्या सुटीवर विसंबणार नाही. आणि कायदा मागतो तरी काय? माहिती कशासाठी घेतो ते सांगून, संमतीनं घ्या. लागते तेवढीच घ्या. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. काम झालं की पुसून टाका. काकू, हे सगळं आत्याच्या वहीतलंच आहे की! आणखी एक तरतूद मला आवडली: संमतीसाठी जी सूचना द्यायची ती घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येते, आणि त्यात मराठी आहे. इंदुरात बसून आपण ती मराठीतून मागू शकू.

आता त्या आईकडे जायचं राहिलं. फोनवर बोलू नका, जा. सूनबाईंना किंवा मुलाला बरोबर नेऊ नका. त्यांच्या मुलीचा बायोडेटा तुम्ही कुठे कुठे पाठवलात ते आठवेल तेवढं कागदावर लिहून न्या, पोलिसांना ते उपयोगी पडेल. 'माझा हेतू चांगला होता' हे वाक्य बोलू नका. तो त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर त्या तुमच्या दारात आल्या आणि आधी पोलिसात गेल्या नाहीत. 'तुम्हाला न विचारता मी पुढे दिलं, ते चुकलं,' एवढं म्हणा. पोलीस ठाण्यात जायचं असेल तर बरोबर येईन म्हणा, आणि जा.

आणि एक करा. मुलीचा नंबर त्यांच्याकडून मागून घ्या आणि तिच्याशी स्वतः बोला. बायोडेटा वडिलांनी लिहिला, आईनं दुरुस्त केला, तुम्ही पुढे पाठवला. ती सज्ञान, कमावती मुलगी, तिची जन्मवेळ, तिचा पगार, तिचा चेहरा. आणि या सगळ्यात तिला कुणी विचारलं होतं का? आता विचारा. नाव ठेवायचं की काढायचं, ठेवलं तर काय लिहायचं, फोटो द्यायचा का, कुणाला द्यायचा नाही. ती रागावली तर ऐकून घ्या. ती काढून टाका म्हणाली तर तिच्या आईसमोर बसून फोनमधलं पुसा, आणि वहीत तिच्या नावाचं जुनं पान असेल तर ते फाडून त्यांच्या हातात द्या.